माळढोक : बंदुकीपासून कॅमेऱ्यापर्यंत



महाराष्ट्राला वाळवंट नाहीं. पण सह्याद्रीच्या पूर्वेस, जेथें पाऊस हात आंखडता घेतो, तेथें अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, आणि सोलापूर या जिल्ह्यांतून कोरडीं माळरानें पसरलीं आहेत. राजस्थानांतील थरच्या वाळवंटांत राहणाऱ्या एका भव्य पक्ष्याचें हें दुसरें घर. माळावरचा ढोक म्हणून तो माळढोक. विणीच्या दिवसांत नर गळ्याची पिशवी फुगवून जो घुमणारा आवाज काढतो, त्यावरून त्यास 'हूम' असेंही म्हणत. उंची सुमारें एक मीटर आणि नराचें वजन पंधरा किलोपर्यंत. उडूं शकणाऱ्या पक्ष्यांत इतका जड पक्षी विरळाच.

या पक्ष्याशीं सुशिक्षित माणसाची पहिली ओळख झाली ती बंदुकीच्या नळीवरून. मुंबई सरकारच्या वतीनें दख्खनची पाहणी करणाऱ्या कर्नल साइक्स यानें १८३२ सालीं येथील पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. माळढोक त्या काळीं विपुल होता, आणि एका गृहस्थानें एकट्यानें सुमारें एक हजार पक्षी मारले होते, अशी नोंद त्यानें केली आहे. मादी वर्षाकांठीं बहुधा एकच अंडें घालते, तेंही उघड्या जमिनीवर. अशा कुळाला हा संहार सोसणार कसा?

दृष्टि पालटली ती विसाव्या शतकांत. माळढोक हा राष्ट्रीय पक्षी व्हावा, असा डॉ. सलीम अली यांचा आग्रह होता. १९६३ सालीं तो मान मोराला मिळाला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें माळढोकाची शिकार बंद झाली. सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनीं नान्नजच्या माळावरील माळढोकांकडे लक्ष वेधलें, आणि १९७९ सालीं तेथें अभयारण्य झालें. पुढें १९८०च्या दशकांत मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. असद रहमानी यांनीं माळावर मुक्काम करून या पक्ष्याच्या जीवनक्रमाचा अभ्यास केला.

माळढोक पाहाणें ही धीराची परीक्षा आहे. आडोसा नसलेल्या माळावर त्याला माणूस दुरूनच दिसतो. म्हणून उजाडण्यापूर्वीं लपणांत जाऊन बसावयाचें, हालचाल करावयाची नाहीं, बोलावयाचें नाहीं. नशीब असेल तर नर पांढरी मान फुगवून, शेपूट उभारून डौलानें पावलें टाकतांना दिसतो. मात्र छायाचित्राच्या हव्यासानें घरट्याजवळ गेल्यास मादी उठून जाते, आणि उघडें अंडें कावळ्याच्या किंवा कोल्ह्याच्या तोंडीं पडतें. बंदूक गेली तरी असा कॅमेराहि घात करूं शकतो.

परंतु खरा घात झाला तो जमिनीच्या हिशेबानें. अभयारण्याचें क्षेत्र ठरलें ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यांत गांवें, बाजारपेठा, बागायत सारेंच आलें. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध येतांच पिकावरील नाकतोडे टिपणारा हा पक्षी शेतकऱ्यास वैरी वाटूं लागला. पुढें तें क्षेत्र सुमारें बाराशें चौरस किलोमीटरांवर आणलें गेलें. तोंवर जिल्ह्यांत उजनी धरणाच्या पाण्यावर ऊस वाढला होता, आणि ओसाड माळ हिरवा करावा या सद्हेतूनें गवताच्या जागीं झाडेंहि लावलीं गेलीं होतीं. माळढोकाला झाडी नको असते. त्याला मोकळें क्षितिज लागतें.

आमचें जासई गांव खाडीकांठचें. उरण तालुक्यांतलीं खाजणें आणि मिठागरें अशींच 'पडीक' समजलीं गेलीं, त्यांवर भराव पडले आणि रोहित पक्ष्यांच्या चरण्याच्या जागा आंखडल्या. माळ असो कीं खाजण, जेथें पीक नाहीं ती जमीन रिकामी, हा आपला जुना समज आहे. महसुली दप्तरांत पक्ष्याच्या नांवें उतारा नसतो!

आज मोकळ्या रानांत उरलेले माळढोक दीडशेंच्या आसपास, आणि तेहि बहुतेक जैसलमेरकडे. तेथें विजेच्या तारांना धडकून ते मरतात. या जड पक्ष्याला समोरची तार वेळेवर दिसत नाहीं आणि चटकन् वळतांहि येत नाहीं. तेथेंच २०१९ पासून अंडीं उबवून पिल्लें वाढविण्याचा प्रयत्न चालला आहे. नान्नजला आतां माळढोकाचें दर्शन हीच बातमी ठरते. तेथील जुन्या छायाचित्रांत पक्ष्यामागें पिवळें गवत आणि मोकळें आकाश दिसतें. तेवढा माळ आपण राखला, तर वाढविलेलीं पिल्लें एके दिवशीं आणून सोडावयास महाराष्ट्रांत जागा उरेल.