हत्यारांचा कायदा आणि शिकारीचा परवाना

1878 हे साल मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकास आठवते ते बहुधा एका कायद्यामुळे. त्या मार्चमध्ये लॉर्ड लिटनच्या सरकारने देशी भाषांतील वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधल्या. निबंधमाला तेव्हा ऐन भरात होती, त्यामुळे हा प्रसंग आमच्या वर्गांतून हटकून शिकवला जातो. त्याच वर्षी, त्याच व्हाइसरॉयच्या कारकिर्दीत हत्यारांचा कायदा झाला, हे मात्र आम्ही बहुधा ओझरते सांगून पुढे जातो. वास्तविक पहिला कायदा रिपनने चार वर्षांच्या आत रद्द केला. दुसऱ्याची जागा घेण्यास 1959 चा कायदा यावा लागला, म्हणजे स्वातंत्र्यानंतरही बारा वर्षे गेली.

या कायद्याने बंदूक नाहीशी केली असे नव्हे. तिने कोणाच्या खांद्यावर असावे, एवढेच ठरवले. युरोपियनांना परवान्यातून सूट होती. हिंदी माणसास तो मागावा लागे. गोऱ्या साहेबास जी करमणूक, तीच एतद्देशीयास सरकारची मेहेरबानी. शिकारीची बंदूक, पिकांतली रानडुकरे हाकलण्याची ठासणीची बंदूक आणि बंडाची बंदूक यांत लोखंडाचा फरक फारसा नसतो. फरक असतो तो धरणाऱ्याविषयी सरकारला वाटणाऱ्या भरवशाचा. दुसऱ्याच वर्षी, 1879 मध्ये, पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यातील एक कारकून, वासुदेव बळवंत फडके, रामोशांना हाताशी धरून बंडास उभा राहिला. सरकारला आपला कायदा दूरदृष्टीचा वाटावा यास एवढे पुरेसे होते.

आम्हांस अधिक उद्बोधक वाटते ती विरोधकांची भाषा. 1887 च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने या कायद्याविरुद्ध ठराव केला. त्यात हक्काचा उच्चार शोधणाऱ्याची निराशा होईल. लोक राजनिष्ठ आहेत, कायद्याने त्यांच्यावर नाहक कलंक लागतो, असा त्याचा सूर आहे. ज्यांना सरकार नावानिशी वा जातवारीने वगळील ते सोडून बाकीच्यांना शस्त्र बाळगू द्यावे, एवढीच मागणी. वगळण्याचा अधिकार सरकारचाच राहावा, हे मागणाऱ्यांनीच गृहीत धरलेले! गांधीजींनीही पुढे 1918 मध्ये, सैन्यभरतीच्या पत्रकात, राष्ट्रास निःशस्त्र करणारा हा कायदा म्हणजे ब्रिटिश राजवटीच्या दुष्कृत्यांतले अत्यंत काळे कृत्य, अशा आशयाचे लिहिले; पण उपाय सुचवला तो सरकारच्या फौजेत जाण्याचा. अहिंसेचा पुरस्कर्ता हे लिहितो याचे अनेकांना नवल वाटते. आम्हांस वाटत नाही. दुबळेपणा आणि अहिंसा या दोहोंत ते नेहमीच भेद करीत.

निष्ठेच्या बदल्यात बंदूक, हा व्यवहार कोडगूत उघडपणे झाला. 1834 मध्ये खालसा झालेल्या या मुलखातील कोडवांना आणि जम्मा जमीन धारण करणाऱ्यांना 1861 पासून परवान्याची माफी मिळाली. तेथे कैलपोळद या सणाला बंदुकीची पूजा होते, मुलगा जन्मला की बार काढतात, आणि मृत्यूची वार्ताही बारानेच कळवतात. आमच्याकडे खंडेनवमीला तलवारीच्या जागी हळूहळू नांगर, यंत्रे आणि आता मोटारसायकली आल्या, तसे तेथे झाले नाही. ही माफी आजही आहे. केंद्र सरकारने 2019 मध्ये ती 2029 पर्यंत वाढवली आणि 2021 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. साहेब गेला, त्याने दिलेली बक्षिसी मात्र परंपरा झाली.

हत्यार नाकारण्याची रीत काही लिटनने या देशात आणली नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. 1890 च्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाल्यावर निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी अर्ज तयार केला. ‘विटाळ विध्वंसन’कार म्हणून आम्ही त्यांना शिकवतो, पण हा अर्जही तितकाच वाचण्याजोगा आहे. तेथे प्रश्न शिकारीचा नाही. शस्त्र धरण्यास योग्य कोण, हे ठरवण्याचा आहे.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे डिसेंबर 1948 मधला संविधान सभेतला एक वाद नव्याने वाचावासा वाटतो. हरि विष्णु कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती मांडली. 1931 च्या कराची ठरावात तो, नियमांच्या अधीन राहून, मान्य केलेला होताच. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. परिस्थिती बदलली आहे, आता शस्त्र धारण करण्याच्या हक्कापेक्षा राज्यासाठी ते धारण करण्याचे कर्तव्य महत्त्वाचे, आणि ज्याने त्याने बाजारात जाऊन हवे ते हत्यार विकत घ्यावे म्हटले तर राज्यकारभार चालणार कसा, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. परक्या सरकारपुढे जो युक्तिवाद शोभला तो स्वतःच्या सरकारपुढे शोभतो काय, हा खरा मुद्दा. आमचा कल आंबेडकरांकडे आहे. मात्र कामतांचा प्रश्न वेडगळ नव्हता. सनदी नोकरी सोडून चळवळीत आलेल्या माणसाला सरकारी भरवशाची किंमत चांगली ठाऊक होती.

दुरुस्ती नामंजूर झाली आणि बंदूक पुन्हा परवान्याच्या खिडकीशी आली. 1959 च्या कायद्याने संरक्षण, खेळ, पीकरक्षण आणि रायफल क्लबातील नेमबाजी यांना वाट ठेवली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार ही करमणूक म्हणून संपली. तेजस्विनी सावंत यांचे 2010 चे विश्वविजेतेपद आणि स्वप्नील कुसाळे यांचे 2024 चे ऑलिम्पिक कांस्य, दोन्ही कोल्हापूरची, दोन्ही रायफलीची. ती त्या क्लबाच्या वाटेवरची आहेत.

2019 मध्ये सरकारने सर्वसाधारण परवानाधारकाच्या तीन बंदुकांची एक करण्याचे विधेयक आणले. आजोबा-पणजोबांच्या बंदुकांचे काय करायचे, असा आक्षेप निघाला. अखेर संख्या दोनवर ठरली, आणि तिसरी एका वर्षाच्या आत जमा करावी असे कायद्यात लिहिले गेले.