व्हिडिओ कॅमेऱ्यातील साठवण : टेपकडून हार्ड डिस्ककडे

व्हिडिओ कॅमेऱ्यातील चित्र व ध्वनी चुंबकीय फितीच्या कॅसेटऐवजी कॅमेऱ्यातच बसवलेल्या हार्ड डिस्कवर साठवण्याची पद्धत. घरगुती आणि छोट्या व्यावसायिक कॅमेऱ्यांत हा बदल मुख्यतः २००४ ते २०१० या काळात झाला. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या लगतच्या शहरांत व्हिडिओ कॅमेरा घराघरांत पोहोचला तो लग्न, हळद, साखरपुडा आणि बारसे यांच्या शूटिंगमुळे. त्यामुळे या बदलाचा खरा परिणाम तिथल्या कुटुंबांच्या कपाटांत शोधावा लागतो. टेप गेली आणि डिस्क आली, तेव्हा चित्राचा दर्जा फारसा बदलला नाही. मूळ चित्रीकरण जपण्याची जबाबदारी मात्र एका हातातून सुटली, आणि ती घेतली कोणी हे ठरलेच नाही. या बदलाचे मूल्यमापन याच मुद्द्यावर व्हायला हवे.

डिजिटल टेपची सर्वांत प्रचलित जात म्हणजे १९९५ साली आलेली मिनी डीव्ही. तिची फीत अवघी ६.३५ मिमी. रुंद असते आणि सेकंदाला सुमारे १९ मिमी. सरकते, पण तिला टेकून फिरणारा ड्रम मिनिटाला ९,००० फेरे घेतो. ड्रमवरची हेड फितीवर तिरप्या रेषा ओढत जातात आणि आपल्याकडच्या पाल या दूरचित्रवाणी पद्धतीत एका चौकटीसाठी अशा १२ रेषा लागतात. धुळीचा एक कण हेडवर बसला, तरी नवरीच्या चेहऱ्यावर चौकोनी ठिपके उमटतात. याच १९९५ साली इकेगामी आणि एव्हिड या कंपन्यांनी वृत्तचित्रणासाठी डिस्कवर चित्रीकरण करणारा कॅमेरा आणला होता, पण तो सामान्य व्यावसायिकाच्या आवाक्यातला नव्हता. जेव्हीसीने २००४ मध्ये एव्हरिओ मालिकेत ४ गिगाबाइटची काढता येणारी चिमुकली डिस्क वापरली आणि २००५ मध्ये २० व ३० गिगाबाइटची डिस्क कॅमेऱ्यातच बसवली. सोनीचा ३० गिगाबाइटचा हँडीकॅम २००६ मध्ये आला.

डिस्क लोकप्रिय झाली ती चित्र सुधारले म्हणून, असा समज आहे. आकडे तसे सांगत नाहीत. मिनी डीव्ही चित्रासाठी सेकंदाला २५ मेगाबिट माहिती वापरते, म्हणजे ध्वनीसह एका तासाला सुमारे १३ गिगाबाइट. त्या हिशेबाने ३० गिगाबाइटच्या डिस्कवर सव्वादोन तासही जेमतेम मावले असते. प्रत्यक्षात तिच्यावर उत्तम दर्जाचे सुमारे सात तास मावत, कारण चित्र एमपेग-२ पद्धतीने जास्त दाबून साठवले जाई. पहिल्या पिढीत डिस्कने दिला तो दर्जा नव्हे, वेळ. साठ मिनिटांची कॅसेट नेमकी मंगळसूत्र घालताना संपण्याची धास्ती गेली. कॅसेट संगणकात उतरवायला तासाला तासच लागे, आणि भारनियमनाच्या त्या वर्षांत मध्येच वीज गेली की हे उतरवणे पुन्हा पहिल्यापासून करावे लागे. डिस्कवरची फाइल काही मिनिटांत उतरे. कामाचा वेग वाढवणारी ही सोय खरी होती. तिला नाव ठेवण्याचे कारण नाही.

पण त्या सोयीची किंमत वेगळ्या ठिकाणी मोजली गेली. कॅसेट ही चित्रीकरणाची जागा होती आणि जपणुकीचीही. काम संपले की तिच्या मागच्या कडेवरचा छोटा खटका सरकवायचा, म्हणजे चुकून दुसरे काही तिच्यावर चढत नसे. मग ती गिऱ्हाईकाच्या फडताळात जाई. डिस्क मात्र पुढच्या लग्नाआधी रिकामी करावीच लागे. गिऱ्हाईकाला मिक्सिंग केलेली डीव्हीडी मिळाली की स्टुडिओच्या दृष्टीने काम पुरे होई आणि रॉ फुटेज, म्हणजे न कापलेले मूळ चित्रीकरण, पुसले जाई. मिक्सिंगमध्ये अनेकदा चित्राखाली सिनेमाचे गाणे घातलेले असे. मूळ आवाज फक्त रॉ फुटेजमध्ये असे. या परिसरातल्या आगरी समाजाच्या लग्नांत धवलारीण ही गायिका धवले, म्हणजे लग्नगीते, गाते. उल्हासनगरच्या सिंधी घरांत लग्नाआधीच्या रात्री बायका लाडा ही लग्नगीते म्हणतात. ही गाणी बहुतांशी तोंडपाठ चालत आली आहेत. शूटिंग करणाऱ्याला कल्पनाही नसताना त्याच्या कॅसेटवर ती जशीच्या तशी उतरली. फाळणीनंतर आलेले सिंधी निर्वासित ज्या लष्करी छावण्यांत राहिले, त्यांतून १९४९ साली उल्हासनगर उभे राहिले. मागचे घरदार तुटलेल्या अशा शहरात एखाद्या आजीचा गाता आवाज ही कुटुंबापुरती गोष्ट राहत नाही. ते भाषेचे आणि रिवाजाचे दप्तर असते.

यावर पहिला आक्षेप असा की कॅसेटही पुन्हा वापरल्या जात होत्या. ते खरे आहे. पण दुसऱ्या फेरीत ठिपके आणि तुटक आवाज यांचा धोका वाढतो, म्हणून महत्त्वाच्या कामाला कोरी कॅसेट हा धंद्यातला शहाणपणा होता. कॅसेट पुसायला तसे ठरवावे लागते. डिस्कवरचे टिकवायला ठरवावे लागते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : टेप तरी कुठे टिकते? उल्हास नदीकाठच्या दमट हवेत फितीला बुरशी धरते, आणि जुन्या ॲनालॉग व्हीएचएस कॅसेट लावायला यंत्र मिळणेच कठीण झाले आहे. फुनाई या जपानी कंपनीने २०१६ मध्ये या यंत्राचे, म्हणजे व्हीसीआरचे, उत्पादन थांबवले. हाही मुद्दा मान्य करावा लागतो. शिवाय डिस्कवरची प्रत कितीही वेळा काढली तरी उणी होत नाही, हा गुण ॲनालॉग टेपला कधीच नव्हता. मात्र हा गुण प्रत काढणाऱ्याच्याच उपयोगी पडतो. न काढलेली प्रत आणि बुरशी लागलेली फीत यांत फरक इतकाच, की फितीतले काही क्षण तरी परत मिळू शकतात.

तिसरा आक्षेप असा, की हा वाद जुना झाला. कॅमेऱ्यातली हार्ड डिस्क स्वतःच अल्पायुषी ठरली. फिरती तबकडी हादऱ्यांना नाजूक; डीजेच्या भिंतीसमोर तर अधिकच, कारण काही उत्पादकांच्या माहितीपुस्तिकेतच मोठ्या आवाजाने चित्रीकरण थांबू शकते असा इशारा होता. २०१० नंतर मेमरी कार्डाने तिची जागा घेतली आणि हार्ड डिस्क कॅमेऱ्यातून निघून टेबलावर आली. पण यामुळे प्रश्न जुना झालेला नाही, वाढला आहे. कार्ड डिस्कपेक्षाही लवकर रिकामे होते. शिवाय पुराचा धोका आहेच : २६ जुलै २००५ च्या पुराने बदलापूरसह या पट्ट्याला झोडपले. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर–वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली. तळमजल्यावरच्या घरात किंवा गाळ्यात पाणी शिरले, तर टेबलावरच्या एकुलत्या एका डिस्कवर शंभर लग्ने असली तरी ती एकदमच जातात. कॅसेटच्या काळात ती घराघरांत विखुरलेली होती.

तरीही टेपकडे परतणे हा उपाय नाही. डिस्कने काढून घेतलेली सवय डिस्कच्याच गुणांनी परत मिळवता येते. मिनी डीव्ही कॅसेट चालू स्थितीतल्या कॅमेऱ्यातून फायरवायर या डिजिटल केबलने उतरवावी. पिवळ्या-लाल-पांढऱ्या केबलने उतरवल्यास डिजिटल चित्राची उगाच ॲनालॉग नक्कल होते. नव्या शूटिंगचे रॉ फुटेज ठरावीक मुदतीत गिऱ्हाईकाला मिळेल, ही अट आगाऊ रक्कम देतानाच लिहून घ्यावी. प्रती दोन असाव्यात आणि त्यांतली एक वरच्या मजल्यावर किंवा दुसऱ्या गावी असावी. ज्यांच्या घरी धवल्याची वा लाड्याची जुनी कॅसेट आहे, त्यांनी ती येत्या पावसाळ्याआधी उतरवून घ्यावी.