उन्हाळी कपडे घरी शिवताना : कापडाची पारख आणि बेत

सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात, नीरा नदीच्या काठी वसलेले अकलूज ऊस, साखर आणि घोड्यांच्या बाजारासाठी ओळखले जाते. नदी आणि कालव्यांमुळे शिवार हिरवे दिसत असले, तरी एप्रिल-मे महिन्यांत येथील दुपारचा पारा ४० अंशांच्या पुढे जाणे नवलाचे नाही. अशा हवेत अंगावरचे कापड ही केवळ हौसेची बाब राहत नाही. तरीही खरेदीच्या वेळी बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, ‘कॉटन आहे ना?’ आणि विक्रेत्याचे उत्तरही ठरलेले असते. कपडा उन्हाळ्यात सुसह्य होईल की नाही, हे त्या एका शब्दावर ठरत नाही. धागा, विणीचा मोकळेपणा, कापडाचे वजन, अस्तर आणि बेत या पाच गोष्टींवर ते अवलंबून असते. तयार कपड्यात या पाचही गोष्टी दुसऱ्या कोणी ठरवलेल्या असतात. घरी शिवणाऱ्याच्या हाती त्या सर्व राहतात, हा घरच्या शिवणकामाचा खरा लाभ होय.

माणसाच्या त्वचेचे तापमान साधारण ३५ अंशांच्या आसपास असते. भोवतालची हवा त्याहून थंड असेल तोवर शरीरातील उष्णता हवेत निघून जाते. हवा त्याहून तापली की हा प्रवाह उलटतो, हवाच शरीराला तापवू लागते. मग शरीर थंड राखण्याचा एकच प्रमुख मार्ग उरतो, तो म्हणजे घाम वाळणे. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्ची पडते. (ही शास्त्रीय मापातली लहान कॅलरी. आहाराच्या तक्त्यातील कॅलरी हिच्या हजारपट असते.) हे वाळणे सुरू राहील असे कापड निवडणे, एवढाच उन्हाळी कापडाच्या पारखेचा अर्थ आहे.

अकलूज आणि मुंबई यांच्यातील फरकही येथेच येतो. अकलूजच्या कोरड्या हवेत सुती कापडाने शोषलेला घाम लवकर वाळतो आणि ओलसर कापड उलट थंडावा देते. मुंबईच्या दमट हवेत तेच कापड तासन्‌तास ओले राहून अंगाला चिकटते. त्यामुळे किनारपट्टीवर पातळ आणि विरळ विणीचे, तर देशावर उन्हात फिरणाऱ्यांसाठी थोडे भरीव सुती कापड योग्य ठरते.

धाग्यांची तुलना करताना एक जुने माप उपयोगी पडते. ठरावीक तापमान आणि आर्द्रतेत धागा हवेतील किती ओलावा स्वतःत सामावून घेतो, त्याचे हे प्रमाण. कापसाचे ते सुमारे साडेआठ टक्के, लिननचे १२ टक्क्यांच्या आसपास, रेयॉनचे ११ ते १३ टक्के, नायलॉनचे चार टक्के आणि पॉलिस्टरचे जेमतेम ०.४ टक्के भरते. पॉलिस्टरच्या दाट विणीच्या शर्टात घाम आत कोंडला जातो, याचे कारण या आकड्यात आहे. खेळाडूंच्या पॉलिस्टर जर्सीचा दाखला अनेकजण देतात. मात्र त्या जर्सीचा धागा आणि तिची जाळीदार वीण घाम बाहेर ओढून पसरवण्यासाठी मुद्दाम तशी घडवलेली असते. नेहमीच्या टेरिकॉटला तो गुण नाही.

रेयॉनबद्दल मात्र थोडे सावध राहिलेले बरे. हा धागा लाकडाच्या लगद्यापासून बनतो, मऊ असतो, अंगावर छान पडतो आणि घामही शोषतो. अलीकडच्या कुर्त्यांत त्याचा सुळसुळाट आहे तो उगाच नव्हे. परंतु ओला झाला की तो दुबळा होतो, पिळून धुतल्यास लवकर विरतो आणि पहिल्या धुण्यात चांगलाच आटतो. लिनन हे जवसाच्या खोडातील तंतूंपासून होते. आपल्याकडे चटणीला वापरतात तेच जवस, तंतूसाठी त्याचे उंच वाण लावतात. उन्हाळ्यासाठी लिननसारखे कापड नाही. पण ते महाग आहे आणि त्याला पडणाऱ्या चुण्या ज्यांना खपत नाहीत, त्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

धाग्याइतकेच महत्त्व विणीला आहे. जीन्सचे कापडही सुतीच असते, पण ते मे महिन्यात कोणी सुखाने वापरत नाही. कापडाचे वजन दर चौरस मीटरला किती ग्रॅम भरते यावरून त्याचा अंदाज येतो. मलमल साधारण ५० ते ८० ग्रॅम, केंब्रिक ८० ते १०० ग्रॅम, पॉपलीन ११० ते १३० ग्रॅम आणि जीन्सचे कापड ३०० ग्रॅमच्या पुढे. झबली, ओढण्या आणि घरात घालायचे कपडे यांना मलमल. कुर्ते आणि फ्रॉक यांना केंब्रिक किंवा व्हॉइल. शर्ट, पायजमा, परकर यांना पॉपलीन ही विभागणी बहुतेक घरांना पुरते. ब्लाऊजचे ‘टू बाय टू’ घेताना मात्र ते निखळ सुती आहे का, हे पाहावे. त्या नावाखाली मिश्र धाग्याचे कापडही विकले जाते.

सोलापूरची गोष्ट यात जरा वेगळी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून गिरण्यांचे आणि हातमाग-यंत्रमागांचे शहर म्हणून सोलापूर गाजले, तेलुगूभाषक पद्मशाली विणकरांनी ते नाव वाढवले आणि सोलापुरी चादर व टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. पण चादर आणि टॉवेल ही अंगावर शिवून घालायची कापडे नव्हेत. अकलूजच्या शिवणाऱ्याला आपल्याच जिल्ह्याच्या या कीर्तीचा कुर्त्यासाठी फारसा उपयोग नाही. राज्यात पॉपलीन, केंब्रिकसारख्या कापडासाठी नाव आहे ते इचलकरंजीचे. तेथे पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी सुरू केला.

दुकानात पारख करण्याचे काही सोपे उपाय आहेत. ताग्याच्या काठावर धाग्याचे प्रमाण छापलेले असल्यास ते आधी वाचावे. कापडाचा कोपरा दोन्ही हातांनी जोरात चोळावा. पांढरी भुकटी झडली तर त्यात खळ भरपूर आहे आणि आज भरीव वाटणारे हे कापड पहिल्या धुण्यानंतर जाळीसारखे विरळ होईल, असे समजावे. उजेडासमोर धरून वीण एकसारखी आहे का ते पाहावे. शंका उरलीच तर घरी एक-दोन धागे चिमट्यात धरून, खाली पाण्याची ताटली ठेवून जाळून पाहावेत. सूत कागदासारखे जळते, वासही तसाच येतो आणि बोटाने चुरगळणारी करडी राख उरते. पॉलिस्टर वितळून आकसते आणि त्याचा कडक मणी बनतो. मिश्र धाग्यात राख आणि मणी दोन्ही सापडतात. रेयॉनही कागदासारखेच जळते, त्यामुळे सूत आणि रेयॉन यांतला फरक या परीक्षेत कळत नाही.

अस्तराकडे होणारे दुर्लक्ष ही सर्वांत मोठी फसगत आहे. वरून उत्तम सुती कापड आणि आतून स्वस्त, चकचकीत पॉलिस्टरचे अस्तर, अशी जोडी तयार कपड्यांत सर्रास आढळते. त्वचेला लागते ते अस्तर, वरचे कापड नव्हे. पातळ कापडाला अस्तर हवेच असेल तर मलमलीचे लावावे, आणि तेही सबंध कपड्याला न लावता जेथे आवश्यक तेवढ्याच भागाला.

कापड घरी आले की लगेच कात्री चालवण्याचा मोह आवरावा. साधे सुती कापड पहिल्या धुण्यात सहज पाच टक्के आटते. म्हणजे अडीच मीटर कापडातून साडेबारा सेंटिमीटर आणि एक मीटर उंचीच्या तयार कुर्त्यातून पाच सेंटिमीटर गेले. बसणारा कुर्ता महिनाभरात आखूड का झाला, याचे उत्तर येथे असते. कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, न पिळता सावलीत वाळवून, किंचित दमट असतानाच इस्त्री करावी आणि मगच बेतावे. गडद रंगाचे कापड वेगळे भिजवावे. अस्तरही याच पद्धतीने भिजवावे, अन्यथा धुतल्यावर वरचे कापड आणि अस्तर यांचे पटत नाही. खरेदीच्या वेळी ही घट धरून आणि पन्हा पाहून माप ठरवावे. मध्यम बांध्याच्या व्यक्तीच्या गुडघ्यापर्यंतच्या कुर्त्याला ४४ इंची पन्ह्याचे सव्वादोन ते अडीच मीटर कापड साधारण पुरते. ५८ इंची पन्हा असेल तर पाऊणेदोन ते दोन मीटरमध्ये काम भागते.

बेत सैल असावा. छातीच्या मापावर किमान चार ते सहा इंच मोकळीक, मुंढा थोडा खोल, गळा फार बंद नाही आणि बाजूंना काटे. चालताना कपडा हलला की आतली दमट हवा बाहेर पडते. या सैलपणाचे महत्त्व सांगणारा एक अभ्यास १९८० मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. वाळवंटातील बेदुइन लोक काळे झगे का घालतात, असा त्याचा विषय होता. काळा झगा पांढऱ्यापेक्षा अधिक तापत होता. पण झगा सैल असल्याने ती जादा उष्णता त्वचेपर्यंत पोहोचण्याआधीच निघून जात होती. याचा अर्थ काळे कपडे शिवावेत असा नव्हे. घट्ट पांढऱ्या कपड्याने साधत नाही ते सैल कपड्याने साधते, एवढे त्यातून घ्यावे.

आपल्याकडील जुन्या बेतांत ही समज होतीच. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत भाविक घालतात ती पांढरी बाराबंदी बटणांवाचून, बंदांनी बांधली जाते. जुन्या अंगरख्यांत काखेत एक चौकोनी तुकडा जोडत असत, तो आजही जोडण्याजोगा आहे. त्याने हात वर केला तरी कपडा ओढला जात नाही आणि घामाने सर्वाधिक भिजणारी शिवण उसवत नाही. उन्हात काम करणाऱ्यांनी बाही आखूड करू नये. शेतात राबणाऱ्या स्त्रिया साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात, त्यामागे उन्हाचा थेट मारा चुकवण्याचे शहाणपण आहे. तो शर्ट बहुधा घरातला जुना टेरिकॉटचा असतो, ही त्यातली उणीव. पॉपलीनचा सैल शर्ट मुद्दाम त्यासाठी शिवणे हे शिकाऊ हातालाही जमण्यासारखे काम आहे.

मलमल कापताना ती सरकते. सरळ काप हवा असेल तर एक आडवा धागा ओढून काढावा आणि पडलेल्या रेघेवरून कात्री चालवावी. मलमल-व्हॉइलला ९ किंवा ११ क्रमांकाची सुई, पॉपलीन आणि जाड खादीला १४ क्रमांकाची. पातळ कापड यंत्राच्या दातांत ओढले जात असेल तर खाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवून टीप मारावी आणि नंतर ती फाडून टाकावी. कडा उसवू नयेत म्हणून आधी सुलट बाजूने अगदी काठाला एक टीप घालून, कापड उलटून दुसरी टीप मारावी. कच्च्या कडा आत बंद होतात आणि अंगाला काही टोचत नाही.

घरी शिवल्याने पैसे वाचतात, हा समज मात्र तपासून घ्यावा. चांगले कापड, अस्तर, दोरा आणि चार तासांची मेहनत धरली तर रस्त्यावरच्या स्वस्त कुर्त्याशी स्पर्धा होत नाही. बचत होते ती कपडा दुसरा आणि तिसरा उन्हाळा पाहतो तेव्हा.

पहिला प्रयोग म्हणून नवे कापड आणण्याचीही गरज नाही. जुन्या सुती लुगड्याचे किंवा धोतराचे झबले ही उत्तम सुरुवात आहे. अनेक धुण्यांनी त्यातली खळ केव्हाच गेलेली असते, आटण्याचे भय उरलेले नसते आणि सूत मऊ झालेले असते. विरलेला भाग टाळून, पदराजवळचा किंवा काठालगतचा धड तुकडा घ्यावा. बटणांऐवजी पाठीवर बंद लावावेत, ते आखूड ठेवावेत आणि पक्के शिवावेत. शिवण आत न दुमडता बाहेरच्या बाजूस ठेवावी, म्हणजे तान्ह्या बाळाच्या कातडीला ती घासत नाही.