रिंगणी, वांगे आणि त्यांचे आफ्रिकी कूळ

धुळ्याच्या उत्तरेस मुंबई–आग्रा महामार्गावर असलेल्या सोनगीरपासून थेट जळगावपर्यंतच्या कोरडवाहू खानदेशात पडीक जमिनीवर पसरणारी भुईरिंगणी आणि मळ्यात पिकणारे वांगे या दोन्ही वनस्पती कंटकारी कुलातील एकाच काटेरी शाखेच्या असून, वांग्याच्या पूर्वजांचा माग आफ्रिकेपर्यंत जातो.

तेथील ‘सोलॅनम इन्कॅनम’ हे राखट, लवदार पानांचे आणि पिवळ्या फळांचे झुडूप वांग्याचे जवळचे आप्त आहे. १७५३ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने या दोघांचे शास्त्रीय नामकरण एकाच ग्रंथात केले, आणि पुढे दीर्घकाळ हेच झुडूप वांग्याचा पूर्वज मानले जाई. वांग्याचा थेट पूर्वज मात्र ‘सोलॅनम इन्सॅनम’ ही आशियाई रानटी जाती असून, तिचे पूर्वज आफ्रिकेतून आशियात पसरले, असे अलीकडच्या संशोधनातून दिसून आले आहे.

पूर्व आफ्रिकेत इन्कॅनमचा उपयोग दातदुखी, घसादुखी व त्वचाविकारांवर करतात, तर महाराष्ट्रात किडलेल्या दाताला भुईरिंगणीच्या बियांची धुरी देण्याची जुनी रीत आहे. शिवाय चरकसंहितेने खोकला शमवणाऱ्या द्रव्यांत कंटकारी, म्हणजे हीच भुईरिंगणी, गणली असून आयुर्वेदातील दशमुळांतही तिला स्थान आहे.

या झुडपांच्या गुणांमागे ग्लायकोअल्कलॉइडे, म्हणजे शर्करेशी जोडलेली नत्रयुक्त कडू द्रव्ये, असावीत असे मानतात. त्यांपैकी सोलामार्जिन व सोलासोनिन यांनी कर्करोगाच्या पेशी नष्ट केल्याचे प्रयोगशाळेत आढळले आहे, तर दोहोंचा गाभा असलेले सोलासोडिन स्टेरॉइड औषधांच्या निर्मितीसाठी कच्चा माल ठरते. परंतु परीक्षानळीतील परिणाम म्हणजे रोग्यावरील सिद्ध उपचार नव्हे, आणि हीच द्रव्ये अधिक मात्रेत विषारी असल्याने रानटी फळांचे घरगुती प्रयोग धोक्याचे आहेत.

पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून शेतकऱ्यांनी वांग्यातील काटे व कडूपणा कमी केला, आणि त्याच परंपरेतील जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र या निवडीत पिकाची जनुकीय विविधताही आटली, म्हणूनच अवर्षणाला तोंड देणारे वाण घडवण्यासाठी संशोधक आज इन्कॅनमशी वांग्याचा संकर करतात. औषधाची शक्यता आणि पिकाचा कणखरपणा ही दोन्ही धने रानटी आप्तांकडेच उरली असल्याने, खानदेशातील माळाबांधांवरची काटेरी झुडपे तण म्हणून उपटण्यापूर्वी त्यांची नोंद, अभ्यास आणि जतन होणे अत्यावश्यक आहे.