रोप-अ-डोप
रोप-अ-डोप : रिंगणाच्या दोरांवर रेलून, हातांच्या आडोशाने ठोसे झेलत आक्रमक प्रतिस्पर्ध्याला दमवण्याचा मुष्टियुद्धातील डावपेच (पहा : मुष्टियुद्ध). ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासा येथे ३२ वर्षांच्या मुहंमद अली (पहा : अली, मुहंमद) यांनी २५ वर्षांच्या जॉर्ज फोरमन यांना असे थकवून आठव्या फेरीत बाद केले, तेव्हापासून हे नाव रूढ झाले. दोर सैल होते म्हणूनच हे साधले, असा आक्षेप घेतला जातो. परंतु सैल दोरांमुळे फार तर मागे झुकायला जागा मिळते. फोरमन यांची दमछाक झाली ती त्यांच्याच अविरत माऱ्याने. पाय मंदावलेल्या योद्ध्याला वेगाची उणीव सहनशक्तीने भरून काढता येते, ती यामुळेच. मात्र त्याची किंमत शरीर मोजते : १९७५ मध्ये मनिला येथे विजेतेपद राखताना अली यांनी जो फ्रेझियर यांचा जबर मार सोसला. ती लढत चौदाव्या फेरीनंतर फ्रेझियर यांच्या प्रशिक्षकाने थांबवली.