बाखर, फादर हर्मन

(१९२४–२०२१). मूळचे स्वित्झर्लंडचे जेझुइट धर्मगुरू. महाराष्ट्रातील लोकसहभागी पाणलोट विकासाचे आद्य प्रवर्तक. १९४८ मध्ये भारतात आले आणि अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील दुष्काळी गावांसाठी त्यांनी आयुष्य वेचले. पोप लिओ तेरावे यांच्या १८९१ च्या परिपत्रकाने कामगाराच्या न्याय्य वेतनाचा प्रश्न कॅथलिक सामाजिक विचाराच्या केंद्रस्थानी आणला. बाखर यांनी तो विचार कोरडवाहू शेताच्या बांधावर नेला, हे त्यांचे खरे मोठेपण. त्यांच्या पुढाकाराने इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला. १९९३ मध्ये सहकारी क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था स्थापन केली. कामाचा क्रम माथा ते पायथा असे : डोंगरउतारावर समतल चर, त्याखाली शेतांची बांधबंदिस्ती, मग ओढ्यावर बंधारे. गावाने श्रमदान करायचे, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळायची, ही अट. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीचे उजाड डोंगर यातूनच हिरवे झाले. मात्र चराईबंदीची पहिली झळ भूमिहीनांना व मेंढपाळांना बसली. सामाजिक न्यायाच्या कसोटीवर या कार्यक्रमाची ही बाजू उणीच ठरते.