सरका थोडं, बातम्या लागतायत

चपला बाहेरच काढा. हो, त्या ढिगातच. आणि जरा घाई करा, कारण खोलीत आता जेमतेम एका माणसापुरती जागा उरली आहे.

१९७४च्या आसपासची उन्हाळ्यातली संध्याकाळ आहे. तुम्ही गिरगावातल्या एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर आहात. उंबरा ओलांडताच वास अंगावर येतात: स्टोव्हच्या रॉकेलचा, शेजारच्या बिऱ्हाडात तळल्या जाणाऱ्या बोंबलांचा, कुणाच्या तरी अंबाड्यातल्या मोगऱ्याचा आणि एवढ्या माणसांच्या घामाचा. पंखा फिरतोय, पण त्याचा वारा पलंगावर बसलेल्या मानकऱ्यांपुरताच. तुम्ही खाली सतरंजीवर बसा, मांडी घालून. डावीकडच्या पोराचं कोपर तुमच्या बरगडीत रुतेल, ते सोसावं लागेल. उजवीकडच्या काकू शेंगदाणे पुढे करतील, ते मात्र घ्या.

समोर चार पायांच्या लाकडी कपाटात टीव्ही आहे. घरमालकीणबाई त्यावरचं भरतकामाचं कापड नीट घडी घालून ठेवतात, कपाटाची दारं सरकवतात, बटण फिरवतात. लगेच काहीच दिसत नाही. सेट तापायला वेळ लागतो. मग पडदाभर मुंग्या. एक मुलगा गच्चीवर धावतो, अँटेना फिरवू लागतो आणि जिन्यातून निरोप वर जाऊ लागतात: ‘आलं! गेलं! अरे आलं, आलं, आता हात लावू नकोस!’

‘आमची माती आमची माणसं’ चालू आहे. ज्यांच्या नावावर कुंडीभरसुद्धा जमीन नाही अशी गिरगावकर मंडळी कापसावरच्या किडीची माहिती मन लावून ऐकतायत. चित्र हलतंय, बोलतंय आणि आपल्याच खोलीत आहे, एवढं पुरेसं आहे त्यांना.

मग बातम्या लागतात. पडद्यावर एक मुलगी येते. विशीच्या आतबाहेरची. काळ्या-पांढऱ्या चित्रातही तिचं सावळेपण लपत नाही. कपाळावर ठसठशीत कुंकू, अंगावर हातमागाची साडी. आणि डोळे. ती नमस्कार करते, तर कोपऱ्यातल्या आजी हात जोडून तिला उलटा नमस्कार करतात. कुणीही हसत नाही. ‘शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची मुलगी ही,’ मागून कुणीतरी माहिती पुरवतं. ‘स्मिता.’ आजी मान डोलावतात. ‘चांगली आहे हो पोर. आपल्यातलीच वाटते.’

आजींचं हे वाक्य लक्षात असू द्या.

आता हळूच उठा. बातम्या संपायच्या आत आपल्याला वरळीला पोचायचंय, दूरदर्शन केंद्राच्या स्टुडिओत. दार ढकला आणि पाय न वाजवता आत या. मोठाल्या दिव्यांची धग थेट गालांवर येते. जमिनीवर जाडजूड वायरी पसरल्या आहेत, अडखळू नका. खोकला आला तर गिळून टाका, कारण इथलं सगळं त्याच क्षणी मुंबईभर पोचतंय. चुकलं तर पुन्हा घेण्याची सोय नाही.

ती बघा, टेबलामागे. हातात कागद आहेत. डोळ्यांसमोर ओळी सरकवणारं यंत्र अजून आलेलं नाही. कागदावर नजर टाकायची, वाक्य मनात धरायचं, मान वर करायची आणि तुमच्याकडे बघत ते पुरं करायचं, अशी ती वाचते. म्हणून तर चाळीत प्रत्येकाला वाटत होतं, ही मलाच सांगतेय.

आता टेबलाखाली वाका. दिसली जीन्स? कॅमेऱ्याच्या चौकटीत येते ती साडी, चौकटीबाहेर आहे कॉलेजातली मुलगी. वेळ कमी असला की ती जीन्सवरच साडी गुंडाळते आणि कुंकू लावून दिव्यांसमोर बसते. ती इथं नटी व्हायला आलेली नाही. छायाचित्रकार दीपक किरपेकर यांनी काढलेले तिचे फोटो केंद्राचे प्रमुख पी. व्ही. कृष्णमूर्ती यांच्या नजरेस पडले आणि बोलावणं आलं. पण या खुर्चीनं तिला एक मोठी गोष्ट दिली: कॅमेऱ्याकडे न घाबरता, न लाजता, माणसाकडे बघावं तसं बघण्याची सवय. पुढचं सगळं काम त्या नजरेवर उभं आहे. श्याम बेनेगलांनी तिला टीव्हीवर पाहिलं आणि १९७५ साली ‘चरणदास चोर’मध्ये घेतलं. मग ‘निशांत’. आणि मग ‘मंथन’.

त्यासाठी आपल्याला गुजरातेत जायचंय, राजकोटजवळच्या सांगणवा गावात. डोळे एकदम उघडू नका, इथलं ऊन पांढरं आहे. ओठांवर धूळ बसते, दातांखाली कचकच होते. म्हशी, शेण, वैरण, तापलेलं दूध: सगळ्याचा मिळून एक दाट वास आहे आणि थोड्या वेळानं तो तुमच्या कपड्यांनाही येऊ लागेल. झोपडीपाशी एक तरुण उकिडवा बसून शेणाच्या गोवऱ्या थापतोय. त्याला गावकरी समजून पत्ता विचाराल, तर तो नसीरुद्दीन शाह निघेल. भूमिका अंगात मुरावी म्हणून तो झोपडीत राहिलाय, म्हशीची धार काढायलाही शिकलाय.

तुम्हाला नायिका बघायची आहे ना? शोधा. छत्री धरलेला माणूस कुठे दिसतो का बघा, खास खुर्ची दिसते का बघा. काहीच नाही. भिंतीच्या सावलीत गावातल्या चार बाया घोळक्यानं बसल्यात, घाम पुसत, गप्पा मारत. तुमची नजर त्यांच्यावरून दोनदा फिरते आणि दोनदा पुढे जाते. मग ‘शॉट तयार आहे’ अशी हाक येते आणि त्यांच्यातली एक घागरा झटकत उठते.

तीच ती. गिरगावातल्या आजींची पोर. इथल्या बायकांनाही ती आपल्यातलीच वाटतेय.

या सिनेमाचे निर्माते कोण, ठाऊक आहे? गुजरातचे पाच लाख दूध उत्पादक शेतकरी. प्रत्येकानं दोन रुपये दिले आणि दहा लाख उभे राहिले. सिनेमा लागला तेव्हा ही मंडळी ट्रक भरभरून थिएटरांत आली. पैसे त्यांचे, गोष्ट त्यांची आणि पडद्यावरची बिंदू, म्हणजे स्मिता, तीही त्यांच्या आळीतली.

पुढची काही वर्षं आपल्याला भराभर ओलांडावी लागतील. हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावरून आलेल्या ‘भूमिका’मध्ये स्मितानं कोवळ्या पोरीपासून थकलेल्या, सगळं पाहून झालेल्या बाईपर्यंतचं आयुष्य उभं केलं आणि अवघ्या बाविशीत राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. दुसरा मिळाला तो जयवंत दळवींच्या कादंबरीवरच्या ‘चक्र’साठी, झोपडपट्टीतल्या अम्माच्या भूमिकेला. आणि ज्या टीव्हीवरून ती घरोघर गेली होती, त्याच टीव्हीवर ती परतली सत्यजित राय यांच्या ‘सद्गती’त. दूरदर्शनसाठी केलेल्या या चित्रपटात ती ओम पुरीची बायको, झुरिया आहे.

आता उतरा. १९८२ साल, पुण्यातलं एक थिएटर, दुपारचा खेळ. बटाटेवड्याच्या तेलाचा वास बाहेरच्या फाटकापर्यंत येतोय. लाकडी खुर्च्या करकरतात, पंखे घरघरतात आणि आज बायका जास्त आहेत: कॉलेजातल्या मुली, शिक्षिका, सासू-सून जोडीनं आलेल्या. पडद्यावर ‘उंबरठा’. जब्बार पटेलांचा चित्रपट, तेंडुलकरांची पटकथा, मूळ कादंबरी शांता निसळ यांची ‘बेघर’. सुलभा महाजन सुखवस्तू घर, नवरा आणि लहान मुलगी मागे ठेवून महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून नोकरीला निघते.

सिनेमा पाहू नका, जरा प्रेक्षकांकडे पाहा. कुरकुरणाऱ्या खुर्च्या थांबल्यात. सुलभा शेवटी घर सोडते तेव्हा तुमच्या पुढच्या रांगेतली बाई पदर तोंडाशी धरून बसलीय आणि तिच्या शेजारची मुलगी मात्र ताठ. बाहेर पडताना जिन्यातच वाद पेटतो. ‘काही म्हणा, पोटच्या पोरीला टाकून बाई गेलीच कशी?’ ‘आणि नवरा नोकरीसाठी परगावी गेला असता तर विचारलं असतंत का असं?’ पहिली गप्प होते. मग बसथांब्यापर्यंत पुन्हा तेच. आज रात्री पुण्यातल्या कितीतरी स्वयंपाकघरांत हे भांडण होणार आहे. स्मितानं सुलभाला कुठंही रडवेली केली नाही, माफी मागायला लावली नाही. म्हणून तर ते मिटत नाही.

शेवटचा मुक्काम. रुमाल काढून नाकाला बांधा. पुन्हा गुजरात, केतन मेहतांच्या ‘मिर्च मसाला’चं चित्रीकरण. जिथं बघाल तिथं लाल मिरच्या: वाळत घातलेल्या, ढीग लावलेल्या, कुटलेल्या. खकाण्यानं घसा खवखवतो, डोळ्यांतून पाणी येतं, शिंका आवरत नाहीत. या लाल अंगणातून सोनबाई झालेली स्मिता सरळ चालत येते. दाराबाहेर तिच्या मागे लागलेला सुभेदार आहे, त्याचे शिपाई आहेत आणि आत बायकांजवळ शस्त्र म्हणून आहे फक्त मसाला. तो उधळला जातो तेव्हा मागे सरका. सोनबाई हातात विळा घेऊन उभी राहील. तिच्या डोळ्यांत बघा. वरळीच्या त्या टेबलामागून आपल्याकडे बघणारी नजर हीच.

‘मिर्च मसाला’ प्रदर्शित झाला तेव्हा स्मिता हयात नव्हती. मुलाच्या जन्मानंतर जेमतेम दोन आठवड्यांनी, १३ डिसेंबर १९८६ला ती गेली. वय ३१.

या, परत आपल्या काळात या. स्मितानं जेमतेम बारा वर्षांत जे केलं ते फार थोड्यांना जमलं आहे. कॅमेरा ज्या बायकांवरून तुमच्या-माझ्या नजरेसारखाच पुढे सरकत होता, त्यांच्यापाशी तिनं त्याला थांबवलं. दूध घालणारी, झोपडीतली, मिरच्या कुटणारी, घर सोडून निघालेली. त्यांना तिनं सजवलं नाही आणि त्यांची कीवही केली नाही. त्यांच्यात जाऊन बसली.

फिल्म हेरिटेज फाउंडेशननं जपून दुरुस्त केलेला ‘मंथन’ २०२४ साली कान महोत्सवात दाखवला गेला आणि मग आपल्याकडच्या थिएटरांतही आला. तेव्हा स्मिताचा सिनेमा तुमच्या गावात कधी मोठ्या पडद्यावर लागला तर चुकवू नका. तोवर एखाद्या रविवारी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा आणि ‘उंबरठा’ लावा. आजीलाही बोलवा, नातीलाही. आणि सिनेमा संपल्यावर भांडण झालं, तर ते होऊ द्या.